सकाळचा कौल

दिवाळीचा पाडवा झाला की चार दिवसांत आमच्या घराला कुलूप लागायचं, ते मृग तोंडावर आल्यावरच निघायचं. मधले सात महिने आमचं घर म्हणजे एक घोडी. तिच्या पाठीवर ज्वारीचं पोतं, वाकळा, तवा, पातेली, मेंढरं कोंडायची जाळी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर आदल्या दिवशी जन्मलेलं कोकरू. पाय दुखून मी फारच रडले तर कोकराशेजारी मी. पुढं आबा, मागं माय आणि आक्का, मध्ये साठ-सत्तर मेंढरं. वडवणीच्या अंगानं निघायचं आणि माजलगावच्या धरणाखालच्या हिरव्या पट्ट्याकडं सरकत जायचं. तिथं ऊस तुटायला लागला की मेंढरांना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळतं, आणि मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसवायला शेतकरी बोलावतात. त्याच्या रानाला लेंडीखत, आम्हाला ज्वारी. बोलावताना तो "या पाव्हणं" म्हणायचा. रान बसवून झालं की तोच माणूस दात घासत बांधावर यायचा आणि कधी हलताय म्हणून विचारायचा. त्याच्या गोठ्यातली साधी दोरी हरवली तरी पहिली झडती आमच्या पालाची.

एका पावसाळ्यात मेंढरांना रोग आला. तोंडाला फेस, पाय ताठ, सकाळी उठावं तर आणखी दोन-तीन आडवी. आठवड्यात निम्मा कळप गेला. आबा खड्डे खणून खणून थकले आणि शेवटी कुदळ टाकून तिथंच बसले. माय त्यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "देवाची माया म्हनायची. मानसं वाचली."

जे गेलं ते नशिबानं, जे राहिलं ते देवानं, अशी मायची सरळ वाटणी होती. लहानपणी मला ती पटायची. पुढं कॉलेजात गेले तेव्हा तिचा राग यायला लागला. घर पडलं तर भिंत राहिली म्हणून हात जोडायचे, भिंत पडली तर माणूस राहिलं म्हणून. देवाला इतका सोपा पेपर दुसरं कुणी काढत नसेल. काहीही लिहा, पास.

यंदाच्या मार्चनं हे सगळं पुन्हा वर आणलं. मी केजला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. बी.एस्सी. झालेली आमच्या वाडीतली पहिली, बाप्ये धरून पहिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझ्या पदवीचं श्रेय वाटायला वाडीत पुष्कळ हात पुढं आले आणि त्यातले फार थोडे माझ्यासाठी राबलेले होते. फेब्रुवारी लागला की आमच्या प्रयोगशाळेत सडक्या अंड्याचा वास भरतो, प्रात्यक्षिकाच्या पोरी नाकाला ओढणी लावून परीक्षानळ्या हलवतात, व्हरांड्यात बाकं ओढल्याचा आवाज येतो, शिपाई खडूनं बाकांवर नंबर घालत जातो. बाहेर निंबाचा पाला गळत असतो. ज्वारी काढणीला आलेली असते आणि दुपारचा वारा तिचा कोरडा वास गावात आणून टाकतो. हा वास आला की मी अजून मनात सूत्रं म्हणायला लागते. पेपर माझे कधीच संपलेत. पण आमच्या घरात एक पेपर द्यायचा राहून गेला होता, आणि तो माझा नव्हता.

तो कसा राहिला ते सांगायचं तर आधी देवाबद्दल सांगावं लागेल.

आमचा देव बिरोबा. वाडीच्या वरच्या अंगाला, निंबापासून जरा हटून, दगडी ओट्यावर शेंदूर फासलेला कमरेएवढा उभा दगड. तोंड दक्षिणेला. दक्षिणमुखी देव कडक असतो असं सगळे म्हणतात, आणि आमचा होताच. बिऱ्हाड हलायच्या आदल्या दिवशी वाडी त्याला कौल लावायची. दिवस कासराभर वर आला की देवाला आंघोळ घालायची. दिवाळीच्या झेंडूच्या दोन पाकळ्या हळदीच्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर हो. डाव्या खांद्यावरची पडली तर नाही. कुठल्या वाटेनं जायचं, कळप विकायचा का, पोरीला हे स्थळ द्यायचं का, सगळं देवाला विचारून.

आमच्या देवाचं उत्तर बहुतेक वेळा नाहीच असायचं. माणसं ते अभिमानानं सांगायची. शेजारच्या गावाचा देव म्हणे काहीही विचारा, हो म्हणतो. आमचा लाड करत नाही. आबांच्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, तरुणपणी मेंढरं विकून केजला चहाचं हॉटेल टाकायचं होतं. डावी पाकळी पडली. म्हातारे झाले तरी तात्या ती गोष्ट छाती काढून सांगतात, "देवानं मला हाटेलातनं वाचिवलं." कशापासून वाचवलं ते त्यांना कुणी विचारलं नाही.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. हिशेबाला अशी पक्की की कळप बांधावरून उडी मारत असतानाच सांगायची, दोन कमी हायत. बिऱ्हाड घरी असेल तेवढीच शाळा करत ती दहावीपर्यंत आली, आणि त्या वर्षी गणिताचे गुरुजी सायकलवर आमच्या वाडीत आले. पोरीला यंदा बिऱ्हाडाबरोबर नेऊ नका, मार्चपर्यंत ठेवा, असं त्यांनी आबांना दोनदा सांगितलं. आबांनी त्यांना चहा पाजला, सायकलच्या चाकात हवा कमी होती ती भरून दिली आणि म्हणाले, "मी कोन सांगनार गुरुजी. देव सांगंल."

देवानं सांगितलं. सकाळचं कोवळं ऊन होतं, आक्का न्हाऊन केस मोकळे सोडून ओट्याखाली उभी होती. डाव्या खांद्यावरची पाकळी थोडी सुटली, वाऱ्यावर थरथरली आणि खाली आली. आबांनी कपाळ टेकलं. मायनंही टेकलं. आक्का वाकली नाही. ती त्या पाकळीकडं बघत राहिली, वजाबाकी चुकली असेल तर पुन्हा करून बघावी तशी.

त्या मार्चमध्ये आम्ही माजलगावकडं एका तुटलेल्या उसाच्या रानात होतो. आक्कानं वर्गातल्या मैत्रिणीकडून परीक्षेचं वेळापत्रक उतरवून आणलं होतं, हे मला तिथं कळलं. बांधावरून जाणाऱ्या माणसाला ती वेळ विचारायची. एकाला विचारलं, थोड्या वेळानं दुसऱ्याला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता गनिताचा सुटला आसंल." आणि वाढ्याचा भारा उचलून मेंढरांपुढं टाकला. वैशाखात तिचं लग्न झालं. तिच्या नवऱ्याचीही मेंढरंच. घोडी बदलली, वाट तीच.

आक्का सासरी गेल्यावर मी मागं राहिले ती निव्वळ लहान होते म्हणून. आत्याचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. कामाला न येणारं पोर तिच्याकडं ठेवायला कुणाची हरकत नव्हती, त्यासाठी देवालाही कुणी विचारलं नाही. तसं करत करत मी दहावी झाले, एसटीनं तालुक्याला जाऊन अकरावी सायन्स झाले. बारावीच्या वर्षी मात्र आबांचा गुडघा गेला. मेंढरामागं पळणं त्यांना होईना. आता चालायला दोन धड पाय हवे होते आणि घरात ते माझे होते.

मला ती दिवाळी दिवसावारी आठवते. फराळाचं म्हणून केलेल्या शेवेला तेल कमी पडलं होतं, ती दातात कचकच वाजायची. कापूस वेचणाऱ्या बाया रस्त्यानं गात जायच्या. कोवळ्या ज्वारीवर दहिवर पडायचं आणि सकाळी चालताना परकर गुडघ्यापर्यंत ओला व्हायचा. भौतिकशास्त्राचं पुस्तक मी आत्याच्या कणगीवर ठेवलं होतं आणि त्याला हात लावायचा धीर होत नव्हता. लावून उपयोग काय. देवाचं उत्तर मला ठाऊक होतं. आमच्या देवाचं उत्तर कुणाला ठाऊक नव्हतं?

कौलाच्या दिवशी आबा अंधार फिटायलाच आंघोळ करून बसले. तात्या आले, आणखी चार-पाच जण आले. आणि मायचा पत्ता नाही. देवाला आंघोळ घालायचं पाणी तीच आणायची, तो मान आमच्या घराकडं होता. हातपंप दाराशी असताना ती त्या दिवशी ओढ्यापलीकडच्या विहिरीला गेली. येता येता म्हणे घागर फुटली. दुसरी घागर घेऊन पुन्हा गेली. आल्यावर तिच्या लक्षात आलं की नैवेद्याच्या पुरणात गूळ घालायचाच राहिलाय. पुरण पुन्हा चुलीवर चढलं. आबा चिडले, देव आंघोळीचा खोळंबलाय म्हणाले. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. देवाला बिनगुळाचं घालू का, असं तिनं आतूनच विचारलं.

तात्या ओट्याखाली बसून पायावर पाय टाकून बोलत होते. "काय बे ज्ञानोबा, पोरगी शिकून मेंढरास्नी इंजक्शन देनार व्हय? का आपल्यालाच?" सगळे हसले. आबा हसले नाहीत. मला मायचा असा संताप आला होता की काय सांगू. जे व्हायचं ते लवकर होऊ दे, गळ्यावर सुरी ठेवून ही पुरणात गूळ कसला बघते. दिवस डोक्यावर आला, कलला. दोन वाजून गेले असतील तेव्हा माय पदर खोचून पाणी घेऊन आली. देवाला सावकाश आंघोळ घातली. लेकराला घालावी तशी, खांद्यांवरून, पाठीवरून. दगड तापला होता, पाणी अंगावरच वाळत होतं. आबांनी पाकळ्या लावल्या, डोळे मिटले, प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी पाकळी पडली.

असा झटपट कौल वाडीत कुणी पाहिला नव्हता. तात्यांनी पायावरचा पाय खाली घेतला. आबा बराच वेळ ओट्याला डोकं लावून होते, उठले तेव्हा कपाळाला शेंदूर आणि डोळे ओले. त्यांना वाईट वाटलं होतं की बरं, मला कळलं नाही. मायनं मात्र माझ्याकडं पाहिलंच नाही. ती भांडी गोळा करत होती.

दुसऱ्या दिवशी आबा आणि माय गेले. माझ्या वाट्याचं चालणं मायच्या पायांवर पडलं. मी आत्याच्या कणगीला पाठ लावून थंडीभर सूत्रं पाठ केली. मला पहिल्यांदाच वाटत होतं की वर कुणीतरी आहे आणि त्याला माझं नाव माहीत आहे. तो हंगाम माझ्या आयुष्यातला एकुलता एक, ज्यात मी मायसारखा भरवसा ठेवला. सकाळी देवाजवळून जाताना मी त्याच्या उजव्या खांद्याला हात लावायची आणि मगच एसटीला पळायची.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी तशीच माजलगावची गाडी धरली. पाल शोधायला दुपार झाली. माय एका हातानं भाकरी थापत होती. दुसरा हात बांबूच्या कामट्या लावून गळ्यात बांधलेला. जानेवारीतच कालव्याच्या उतारावर दोन घागरी घेऊन घसरली होती, मनगट मोडलं होतं, आणि फोनवर मला रोज सांगितलं जात होतं की सगळं ठीक आहे. हाड वाकडंच बसलं होतं.

"डावाच हाय," ती म्हणाली. "देवाची माया."

"तुझ्या देवाला हात मोडतानाच बरी माया येती," मी म्हणाले.

तिनं भाकरी उलटली. "पेपर कसा गेला ते सांग."

मी पास झाले, चांगली झाले. बी.एस्सी. झाले, नोकरी लागली. वाडीनं देवाच्या ओट्यासमोर माझा सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला. प्रत्येक बोलणारा म्हणाला, देवाच्या कृपेनं. एकानंही म्हटलं नाही की पोरगी पहाटे उठून बसत होती, किंवा हिच्या मायचा हात मोडला. मी शाल घडी करून मायला दिली. देवानं निवडलेली पोरगी म्हणून मीही त्या दिवशी मान ताठ ठेवून बसले होते, हे कबूल करते. पुढच्या रांगेत आक्का बसली होती, मांडीवर पोर घेऊन. ती टाळ्या वाजवत होती.

खरी गोष्ट मला दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीत कळली. आक्का माहेरपणाला आली होती. तिची थोरली आठवीत. अंगणात बसून आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो आणि मी त्या पोरीला बाष्पीभवन समजावून सांगत होते. ओलं कापड ज्या बाजूला ऊन असतं तिकडून आधी वाळतं, आणि वाळलं की भिंतीला चिकटून राहात नाही, सुटतं, असलं काहीतरी. माय शेंगा फोडता फोडता सहज म्हणाली, "व्हय की. देवाच्या खांद्यावरची पाकळी बी तशीच. सकाळी डावी सुटती, दुपारी उजवी."

आक्काचा हात शेंगेवरच थांबला.

मला समजायला एक क्षण लागला, आणि मी पदवीधर. दक्षिणेला तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचा डावा खांदा पूर्वेला असतो. सकाळचं ऊन डाव्या खांद्यावर. पिढ्यान्‌पिढ्या आमची वाडी सकाळी कौल लावत होती आणि उगवता सूर्य नाही म्हणत होता.

"तुला कवापासनं ठावं हाय?" आक्कानं विचारलं.

मायनं सगळं सांगितलं, शेंगांकडं बघत. आक्काचं लग्न झालं त्या पावसाळ्यात बिऱ्हाड घरी होतं. आक्काच्या सासरहून पहिली खबर आली ती काही बरी नव्हती. माय रोज देवापुढं जाऊन बसायची आणि त्याच्याशी भांडायची. रडायची नाही, भांडायची. आपल्या लेकराचं वाईट तो कशाला सांगेल, हेच तिला पटेना. देवावर तिचा इतका विश्वास होता की ते उत्तर त्याचं असेल यावरचा तिचा विश्वास उडाला. मग तिनं स्वतःच पाकळ्या लावून पाहायला सुरुवात केली. प्रश्न न विचारता. उघडीप मिळेल त्या दिवशी, सकाळी एकदा, दुपारी एकदा. असे तिनं चार पावसाळे काढले. आमच्या कॉलेजात प्रयोगवहीला दहा गुण असतात. माझ्या मायला लिहिता येत नाही.

"म्हंजी सुमीच्या येळंला तू मुद्दाम उशीर केलास," आक्का म्हणाली.

"व्हय."

"घागर?"

"म्याच फोडली."

"देवाला फसिवलंस तू."

"फसिवलं न्हाई, उशीर केला," माय म्हणाली. मग मूठभर शेंगा पुढं ओढून, "अन् फसिवलं आसंल तर त्यो माफ करंल. एवढा भरवसा हाय मला त्याचा."

आक्कानं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं. मग अगदी हळू बोलली. "माज्या येळंला कावून नव्हता गं एवढा भरवसा? तवा घागर का न्हाई फोडलीस?"

मायनं सुपातले दाणे हातानं सारखे केले. तेव्हा तिला माहीत नव्हतं, हे उत्तर होतं. पण आक्काच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि माझ्या मायला एवढं कळतं.

"सुमीला देवाची माया दुपारची भेटली," आक्का म्हणाली. "मला सकाळची." दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन गेली. आणखी चार दिवस राहणार होती.

आबांना तू का सांगितलं नाहीस, असं मी मायला विचारलं. ती म्हणाली, "गुडघा गेला, मेंढरं गेली. त्याच्याजवळ येवढा एक कौल हाय. त्यो बी काढून घिऊ?" पण मधल्या वर्षांत वाडीतल्या किती पोरींच्या नावानं सकाळी पाकळ्या लागल्या, किती पडल्या, हे मी मनात मोजायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या नावाशी थांबले. ती सगळी नावं मायलाही माहीत होती. ती त्यांच्या लग्नांत पोळ्या लाटायला गेली होती. तिची दया आपल्या घरापुरती निघाली, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसं झालं. मोठं भांडण काढून वाडीला सांगायची ताकद तिच्यात नव्हती. माझ्यात होती. मी तरी कुठं लगेच सांगितलं? देवानं निवडलेली पोरगी म्हणून मिळालेली शाल एकदा अंगावर पडली की ती काढायला हात रेटत नाही.

शेवटी गेल्या दिवाळीत मी तात्यांना सांगितलं. ऊन, सावली, पूर्व, पश्चिम, सगळं काठीनं मातीत काढून दाखवलं. तात्या आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी आकृती नीट पाहिली आणि विचारलं, "बरं. मंग ऊन कुनाचं हाय?"

मी काठी खाली ठेवली.

"त्याचंच की," असं म्हणून त्यांनी काठी घेतली आणि निघाले. पण त्याच आठवड्यात शेजारच्या पोरीचा कौल होता, पुढं शिकायचं का नाही याचा, आणि तो तात्यांनी दुपारी जेवणं झाल्यावर लावला. का म्हणून विचारलं तर सकाळी गुडघे दुखत्यात म्हणाले.

मी देव मानते का, असं आता कुणी विचारलं तर मला चटकन हो म्हणता येत नाही. मायचा जो देव आहे, उशीर केला तरी न रागावणारा, तो मला आवडतो. त्याच्यावर भार टाकून झोप लागावी असंही कधी कधी वाटतं. पण मग आक्काच्या हरवलेल्या वर्षांचा जाब कुणाला विचारायचा? सूर्याला विचारून काय उपयोग, तो तर रोज उगवतो. माय म्हणते देवाची माया मोठी. असेल. ती आमच्या घरी आली तेव्हा एका बाईला घागर फोडावी लागली, मनगट मोडावं लागलं, आणि त्याच्याही आधी एक सोळा वर्षांची पोरगी खर्ची पडावी लागली. एवढं लागत असेल तर तिला दया म्हणायला माझी जीभ अडखळते. मायची अडखळत नाही. मला तिचा हेवा वाटतो आणि रागही येतो, एकाच वेळी.

मायनं सगळं सांगितलं त्यानंतरच्या, म्हणजे गेल्या पावसाळ्यात, आक्का शेअर जीपनं केजला माझ्या खोलीवर आली. साडी चिखलानं भरलेली, पिशवीत शाळा सोडल्याचा जुना दाखला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. मायशी ती तोवर बोलत नव्हती. बसली नाही, पाणी घेतलं नाही.

"बाहेरनं दहावीला बसायचा सतरा नंबरचा फारम कुठं भरत्यात?" तिनं विचारलं. मी सांगितलं. देवाला विचारलंस का, असं माझ्या तोंडून उगाच गेलं. "ऱ्हाऊ दे त्याला त्याच्या उन्हात," आक्का म्हणाली.

दर रविवारी ती यायची. बीजगणित तिला दोन महिन्यांत आलं, इंग्रजीनं मात्र रडवलं. नवरा आधी हसला, मग गप्प झाला, मग जीपपर्यंत सोडायला यायला लागला. मार्चमध्ये पहिल्या पेपराला शाळेच्या फाटकावरच्या माणसानं तिला अडवलं आणि पालकांनी बाहेर थांबावं म्हणाला. तिनं प्रवेशपत्र त्याच्या नाकासमोर धरलं. आजूबाजूच्या पोरी खुसखुसल्या. आक्का त्यांच्यातून आत गेली, तिच्या थोरल्या लेकीच्या वयाच्या पोरींच्या रांगेत.

गणिताच्या पेपराला माय आली होती, न बोलावता. भाकरी बांधून. फाटकासमोरच्या चिंचेखाली वाकडं मनगट मांडीवर घेऊन बसली आणि पेपर सुटेपर्यंत उठली नाही. देवाकडं काय मागितलंस म्हणून मी विचारलं. काही मागितलं नाही म्हणाली. त्याला नुसतं सांगितलं, बघ.

पेपर सुटला. आक्का बाहेर आली, मायला पाहून थबकली, मग येऊन चिंचेखाली बसली. मायनं फडकं सोडलं. आक्कानं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला.

"माफ बिफ काय केलं न्हाई म्या," ती म्हणाली. "भूक लागली हाय."

"खा," माय म्हणाली.

मेमध्ये निकाल लागला. आक्का पहिल्याच झटक्यात दहावी पास झाली. वय चौतीस. एकूण एकोणसाठ टक्के, गणितात शंभरपैकी ब्याऐंशी.